पायातले गोळे आणि रात्रीची गोळी

गेल्या दोन महिन्यांत मला चार नातेवाइकांचे फोन आले. सुरुवात नेहमीची. पाऊसपाणी, मुलंबाळं, गुडघे. मग आवाज जरा खाली आणून, "तू अजून घेतेस का गं ती कोलेस्टेरॉलची गोळी? नाही, मी ऐकलं की..."

या 'मी ऐकलं की'च्या पुढचं मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं. मामेबहिणीने ऐकलं होतं की त्याने स्नायू झिजतात. आत्याने ऐकलं होतं की डायबेटिस होतो. भाच्याने तर यकृत, मूत्रपिंड, स्मरणशक्ती असं सगळंच काढलं. चौघांना चार वेळा तेच सांगून झालं. पाचवा फोन यायच्या आत एकदा लिहूनच टाकावं म्हटलं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल :-)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी ३१ वर्षं बँकेत काढली. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे लिहायची खोड हाताला लागली आहे. या गोळीचंही मी तेच केलं. आणि त्याला कारण घरातलंच होतं.

आमचे अण्णा १९८४ साली गेले. वय ५३. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, आईने ओवा-गरम पाणी दिलं, पित्त असेल म्हणून. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचं कोलेस्टेरॉल किती होतं हे कोणालाच माहीत नाही, कारण ते कधी कोणी मोजलंच नव्हतं. मोजलं असतं तरी तेव्हा देण्यासारखं फारसं काही नव्हतं. या जातीची पहिली गोळी, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत मान्य झाली ती १९८७ मध्ये. म्हणजे अण्णांनंतर तीन वर्षांनी.

या गोळ्यांचा जन्म मात्र त्याआधीच एका बुरशीतून झाला होता. अकिरा एंडो नावाचे एक जपानी शास्त्रज्ञ टोकियोच्या सांक्यो कंपनीत काम करायचे. शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरशींचे अर्क एकेक करून तपासले आणि १९७३ साली तांदळावरच्या एका हिरव्या-निळ्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. आपलं यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं, त्या कामातला एक मुख्य टप्पा हे द्रव्य अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातून ओढून घेऊ लागतं. रक्तातलं एलडीएल उतरतं. एवढीच युक्ती. लोणच्यावर पांढरा थर दिसला की सगळी बरणी ओतून देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून गंमत वाटते. एंडो २०२४ मध्ये नव्वदीत वारले.

(जाता जाता: 'केमिकल नको, नैसर्गिक हवं' म्हणून लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी. त्यात कोलेस्टेरॉल कमी करणारं जे असतं ते मोनॅकोलिन के. रसायन म्हणून ते आणि लोव्हास्टॅटिन एकच. फक्त एका कॅप्सूलमध्ये किती आहे ते नेमकं कळत नाही.)

आता नावेची बाजू, कारण फोन तिच्यासाठीच येतात.

या गोळ्यांनी काही होतच नाही असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ऑगस्ट २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाची याच जातीची गोळी बायर कंपनीला बाजारातून काढून घ्यावी लागली. तोवर जगभरात ५२ मृत्यू तिच्याशी जोडले गेले होते. त्या रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळत होते, त्यातून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत होतं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल नावाचं दुसरं औषधही घेत होते.

आज मिळणाऱ्या अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिनने असं होणं अतिशय दुर्मिळ आहे, पण अशक्य नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका काकांचं उदाहरण सांगते. बायपासनंतर त्यांना अॅटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम चालू होतं. पावसाळ्यात मांडीवर गजकर्ण उठलं म्हणून एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी इट्राकोनॅझोल दिलं. तुम्ही आणखी काय घेता हे विचारलं गेलं नाही, काकांनी सांगितलं नाही. अॅटोर्व्हास्टॅटिनचा निचरा यकृतातल्या ज्या वाटेने होतो ती वाटच हे बुरशीवरचं औषध अडवतं. गोळी एक घ्यायची, पण अंगात साचायची जास्त. दोन आठवड्यांत काकांना खुर्चीतून उठवेना आणि लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. सुदैवाने काकूंनी वेळेत दवाखान्यात नेलं. सहा दिवस सलाईन लावून मूत्रपिंडं वाचली.

म्हणून ही नावं लिहून ठेवा: इट्राकोनॅझोल, आणि खोकल्यासाठी सर्रास लिहून दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. कोणी नवीन औषध लिहून दिलं की 'मी स्टॅटिन घेते' एवढं वाक्य बोलायचं. परदेशात ग्रेपफ्रूटच्या रसाबद्दलही हीच सूचना असते. गणपतीत येणारं आपलं पपनस त्याच कुळातलं, तेव्हा रोज खाणार असाल तर विचारून घ्या. फोड दोन फोडींनी काही होत नाही.

दुसरी भीती यकृताची. पूर्वी या गोळीवर असलेल्यांची यकृताची तपासणी ठरावीक महिन्यांनी होत असे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही सरसकट सूचना काढून टाकली, कारण यकृताला गंभीर इजा इतकी विरळा आढळली की अशा तपासण्यांमधून ती पकडली जाते असंही दिसेना. आता सुरुवातीला एकदा, आणि नंतर तक्रार असेल तर.

पण त्याच वर्षी त्याच प्रशासनाने साखरेची सूचना मात्र नव्याने घातली. हा धोका खरा आहे. आत्याने बरोबर ऐकलं होतं. २०१० साली १३ चाचण्या एकत्र करून काढलेला हिशोब असा: २५५ माणसांनी चार वर्षं गोळी घेतली तर त्यांच्यात एकाला जास्तीचा डायबेटिस होतो. तोही बहुतेक अशांना, जे आधीच उंबरठ्यावर उभे असतात. माझी एचबीएवनसी ६.१ आहे, म्हणजे मी त्या उंबरठ्यावरचीच. त्यामुळे माझ्या कागदावर ही नोंद लाल शाईने आहे आणि दर सहा महिन्यांनी मी ती तपासते.

आता मोठी बेरीज. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक आढावा आला होता. दहा हजार माणसं घ्या. त्यांचं एलडीएल ७७ मिलिग्रॅमच्या आसपास उतरेल अशी गोळी त्यांना पाच वर्षं द्या. ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशांत साधारण १००० जणांचा झटका, पक्षाघात किंवा त्यासारखं मोठं संकट टळतं. ज्यांना अजून काही झालेलं नाही पण धोका आहे, अशांत ५०० जणांचं टळतं. उलट बाजूला स्नायूंचा खरा आजार ५ जणांना, नवा डायबेटिस ५० ते १०० जणांना, मेंदूत रक्तस्राव ५ ते १० जणांना.

आकडे मोठे बोलके आहेत, पण त्यात एक मेख आहे. नावेच्या बाजूचा माणूस लंगडत येतो, पोटऱ्या धरून बसतो, आपल्याशी बोलतो. जमेच्या बाजूचे ते हजार लोक मात्र आपल्याला कधीच भेटत नाहीत. काल रात्री आपल्याला झटका यायचा होता आणि तो आला नाही, हे सकाळी चहा पिताना कोणाला कळणार? त्यामुळे घराघरात होणाऱ्या या चर्चेत एकच बाजू बोलत असते.

आमच्या घरात ती बाजू दादाच्या तोंडून बोलली.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, निवृत्त गणिताचे मास्तर, मुक्काम सांगली. (त्याला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझे आकडे चुकवू नकोस," म्हणाला.) २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले. तेव्हापासून मूठभर गोळ्या आणि त्यात रात्रीची अॅटोर्व्हास्टॅटिन ४०. मागच्या वर्षी त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मांड्या जड झाल्या. तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. बाहेर पंचवीस माणसं खोळंबलेली. डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "वयाने होतं हो. गोळी चालू ठेवा."

दादाने ठेवली नाही. कोणाला काही बोलला नाही. रक्तदाबाची घेतली, रक्त पातळ राहायची घेतली, फक्त ही एक सोडून दिली. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी 'स्टॅटिन म्हणजे गोड विष' असा लांबलचक मजकूर पाठवला होता, त्याने खात्रीच पटली. पाच महिन्यांनी केमिस्टने वहिनींना सहज विचारलं, "काकांची ती पिवळ्या पाकिटातली बंद झाली का?" तेव्हा कुठे उलगडा झाला. वहिनींनी मला फोन केला तो रडतच. "वन्सं, अण्णांचं झालं तसं यांचं झालं तर हो?" लगेच रक्त तपासलं. ६२ वर असलेलं एलडीएल १४१ झालं होतं.

मी त्या शनिवारीच सांगली गाठली. जाताना माझ्याकडे एक हुकमी एक्का होता, 'सॅमसन' नावाची चाचणी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. गोळीचा त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेली ६० माणसं त्यांनी निवडली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी अॅटोर्व्हास्टॅटिन २०, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार चक्क रिकाम्या. कुठला महिना कुठला, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं. रोज फोनवर आपला त्रास ० ते १०० मध्ये नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत... १५.४!

म्हणजे त्रास झाला होता. गोळी घेतल्यामुळेच झाला होता. पण गोळीतल्या औषधामुळे जवळजवळ नाही.

दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "म्हणजे सुमे, मी नाटक करतोय?"

हा प्रश्न मला फार लागला. कारण आपल्याकडे 'मनाचे खेळ' म्हटलं की 'खोटं' असाच अर्थ होतो. रात्री दोन वाजता पोटरीत गोळा येऊन किंचाळत उठलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे त्याचा अपमान. पण त्या साठ जणांपैकी कोणीही नाटक करत नव्हतं. त्यांनी नोंदवलेला त्रास खराच होता. काहीतरी वाईट होणार आहे अशी धास्ती घेऊन गोळी गिळली की शरीर टपून बसतं आणि एरवी ज्या दुखण्याकडे आपण लक्ष दिलं नसतं ते मोठं होऊन येतं. शिवाय साठीत पाय तसेही दुखतातच. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसांच्या १९ चाचण्यांचा हिशोब आला. स्नायूंच्या तक्रारी गोळीवाल्यांत २७.१ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २६.६ टक्के. त्या अर्ध्या टक्क्यात काही जण खरोखर औषधाने त्रासलेले आहेत, बहुतेक पहिल्या वर्षातले. प्रश्न एवढाच की दादा कुठल्या ढिगातला? आणि हे त्याच्याकडे न बघता, घरबसल्या, ना डॉक्टर सांगू शकत होते, ना मी, ना तो व्हॉट्सअॅपवाला.

मी म्हटलं, "दादा, तू नाटक करत नाहीयेस. पण तू गणिताचा मास्तर ना? मग उत्तर पाठ केलेलं का सांगतोस? सोडवून दाखव."

हसला. तिथे गाडी रुळावर आली.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पंधरा मिनिटं दिली. दुखणं दोन्ही पायांत आहे की एकात, सांध्यात की मांसात, चालताना की झोपेत, लघवीचा रंग कसा, आणखी काय काय घेता, सगळं विचारलं. मग तीन तपासण्या. सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली तर रक्तात वाढणारं द्रव्य. ते दहापटीच्या वर गेलं की गोळी तात्काळ बंद. थायरॉइड, कारण ते मंदावलं तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, म्हणजे चोर एक आणि नाव दुसऱ्याचं. आणि ड जीवनसत्त्व. दादाचं सीके ठीक, थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व तळाला. ते सुरू केलं.

गोळी बदलली. रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, सोबत एझेटिमाइब. हे दुसरं औषध वेगळ्या वाटेने, म्हणजे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवून काम करतं, त्यामुळे स्टॅटिनचा डोस कमी ठेवता येतो. डॉक्टर म्हणाले, हेही जमलं नाही तर बेम्पेडोइक अॅसिड आहे, इंजेक्शनं आहेत. "वाटा पुष्कळ आहेत. फक्त न सांगता बंद करू नका, एवढं करा." दादा नंतर मला म्हणाला, "हे त्या पहिल्याने सांगितलं असतं तर मी कशाला सोडली असती?" मला वाटतं गोळी सोडणाऱ्यांतले कितीतरी जण दुखण्यापेक्षा असं उडवून लावल्यामुळे सोडत असतील.

दादाने रेघा मारलेली वही केली. डॉक्टरांच्या संमतीने आधी तीन आठवडे गोळीशिवाय, मग गोळीसह. रोज रात्री पायांना शंभरपैकी मार्क. वहिनी म्हणाल्या, "मी गुपचूप त्यांच्या डब्यात दुसरीच कुठलीतरी गोळी ठेवते, म्हणजे तुमच्या लंडनसारखं होईल." डॉक्टर हसले आणि म्हणाले, स्टेंटवाल्या माणसाच्या डब्याशी कोणीही खेळायचं नाही. ते बरोबरच होतं.

तीन महिन्यांनी वही घेऊन माझ्याकडे आला. गोळीशिवायच्या आठवड्यांची सरासरी २२. गोळी घेत असतानाची २७. सगळ्यात जास्त मार्क एका गुरुवारी, ७०. त्या दिवशी गोळी चालू नव्हती, पण तो नातवाला खांद्यावर घेऊन ज्योतिबाच्या पायऱ्या चढला होता.

"म्हणजे २२ माझे," दादा म्हणाला, "आणि ५ गोळीचे. किंवा भीतीचे, काय असेल ते. तेवढे पाच मी देतो."

एलडीएल ५८ आलं. पायात गोळे अजून येतात, महिन्यातून दोन-चारदा. वहिनी खोबरेल तेल चोळतात. अण्णा गेले त्या वयाला दादाने कधीच मागे टाकलंय.

माझं स्वतःचं विचाराल तर मी जमेच्या छोट्या बाजूतली, त्या ५०० वाल्या गटातली. मला अजून काही झालेलं नाही. अण्णांचा इतिहास, रक्तदाब आणि १६८ एलडीएल बघून डॉक्टरांनी गोळी सुचवली. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या आणि हो म्हटलं. माझ्यासारख्याच परिस्थितीतल्या एखाद्याने डॉक्टरांशी बोलून 'सध्या नको, आधी चालणं वाढवतो' असं ठरवलं तर मला त्यात काही वावगं वाटणार नाही. तिथे फायदा खरा असला तरी लहान असतो, आणि त्याची किंमत मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण स्टेंट, बायपास किंवा झटका होऊन गेलेल्याने पोटरीत गोळा आला म्हणून गुपचूप गोळी सोडणं, हा हिशोब मला कुठल्याही बाजूने जुळवता येत नाही.

तेव्हा मंडळी, फोन जरूर करा, प्रतिक्रियाही कळवा. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी ऐकलं नाही तर दुसऱ्यांना सांगा, आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर मला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. फक्त ती लिंबू-लसूण-आलं-व्हिनेगरच्या काढ्याची कृती पाठवू नका. माझ्याकडे ती आजवर सोळा जणांकडून आली आहे, आणि प्रत्येकाच्या कृतीत लसणाच्या पाकळ्या वेगळ्या आहेत!